नेमबाजीचें पिस्तूल आणि मध्यमवर्गाचा खिसा

मर्यादित उत्पन्नाच्या गृहस्थानें नेमबाजीच्या छंदासाठीं पिस्तूल घ्यावयाचें झाल्यास कोणतें घ्यावें, हा प्रश्न वरवर पाहतां दुकानदारास विचारावयाचा आहे. मासिकाच्या पानांत, आणि तेंहि इतिहासाच्या अभ्यासकाकडून, त्याची चर्चा व्हावी याचें कांहीं वाचकांस नवल वाटेल. परंतु थोडें खोलांत शिरलें म्हणजे असें दिसून येतें कीं, आपल्याकडे या निवडीचा निम्मा भाग ग्राहकाच्या जन्मापूर्वींच उरकून गेलेला आहे. कोणतें हत्यार त्याच्या हातीं येऊं शकतें, कोणतें येऊं शकत नाहीं, आणि जें येऊं शकतें तें इतकें उत्तम कां निपजलें, हें १८७८ सालच्या एका कायद्यानें आणि १९४५ सालच्या जर्मनीच्या पराभवानें ठरवून टाकलें आहे. उरलेला निम्मा भाग दुकानदार सांगतो, आणि तो बहुधा चुकीचा सांगतो.

हा विषय आमच्यापुढें येण्यास एक निमित्त घडलें. आमचे एक जुने विद्यार्थी विठ्ठलवाडीस राहतात व मुंबईंत एका कचेरींत नोकरी करतात. त्यांच्या मुलीला महाविद्यालयाच्या छात्रसेनेंत रायफल हातीं धरावयास मिळाली, पुढें एका रेंजवर पिस्तूलहि चालवून पाहतां आलें, आणि आतां तिला स्वतःचें पिस्तूल हवें आहे. धाकट्या मुलाच्या शिक्षणासाठीं बाजूला काढलेली कांहीं रक्कम वडिलांपाशीं आहे. "सर, एवढ्या पैशांत काय घेऊं? आणि घेऊं कीं नको?" असा त्यांचा प्रश्न होता. त्यांतला दुसरा भाग आम्हांस पहिल्याहून अधिक वजनदार वाटला.

कल्याणाहून कर्जतच्या बाजूस निघालें कीं पहिलें स्टेशन विठ्ठलवाडी, मग उल्हासनगर, मग अंबरनाथ. नांव पंढरीच्या देवाचें असलें तरी या पट्ट्याचा अर्वाचीन इतिहास शिपायांचा व शस्त्रांचा आहे. दुसऱ्या महायुद्धांत येथें लष्कराची मोठी छावणी पडली होती. कल्याण कॅंप या नांवानें ती ओळखली जाई. युद्ध संपलें, शिपाई गेले, आणि फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांनीं त्याच बराकींत आपले संसार थाटले. ८ ऑगस्ट १९४९ रोजीं त्या वस्तीस उल्हासनगर हें नांव मिळालें. पलीकडे अंबरनाथेस सरकारी शस्त्रसामग्रीचा कारखाना उभा राहिला. म्हणजे ज्या लोकांच्या दाराशीं शस्त्रें बनत आलीं, ज्यांच्या वस्तीचा पायाच छावणीचा, त्यांच्या घरांत मात्र स्वतःच्या मालकीचें हत्यार क्वचितच सांपडेल. हा विरोध विठ्ठलवाडीपुरता नाहीं. तो साऱ्या मराठी मध्यमवर्गाचा आहे.

तो कसा उत्पन्न झाला हें पाहूं. पेशवाईच्या अखेरपर्यंत हत्यार बाळगणें ही आपल्या मुलुखांत नवलाची गोष्ट नव्हती. गांवच्या पाटलाच्या घरीं तलवार असे, सावकाराच्या दाराशीं बंदूकवाला असे. १८५७ च्या उठावानंतर इंग्रज सरकारानें लोकांचीं हत्यारें काढून घेण्याचें धोरण धरलें, आणि लॉर्ड लिटन यांच्या कारकीर्दींत, १८७८ सालीं, हत्यारांचा कायदा करून त्यास कायमचें रूप दिलें. परवान्यावांचून हत्यार बाळगणें गुन्हा ठरला. युरोपियनांस मात्र त्यांतून सूट होती. लक्षांत घेण्याजोगी गोष्ट अशी कीं, देशी भाषांतील वर्तमानपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाहि याच सालचा. एकाच वर्षांत लेखणी आणि हत्यार दोन्हींवर कुलूप पडलें. त्यांपैकीं लेखणीवरचें कुलूप लॉर्ड रिपन यांच्या अमदानींत निघालें. हत्यारावरचें निघालें नाहीं. १८८७ च्या मद्रास येथील अधिवेशनांत राष्ट्रसभेनें या कायद्याविरुद्ध ठराव केला, पुढेंहि ओरड होत राहिली, पहिल्या महायुद्धानंतर नियमांतला वर्णभेद गेला. पण कायद्याची चौकट स्वातंत्र्यानंतरहि कित्येक वर्षें तशीच उभी होती.

या काळांत मराठी मनांत पिस्तूल या वस्तूभोंवतीं जें वलय निर्माण झालें तें खेळाचें नव्हे. २२ जून १८९७ च्या रात्रीं पुण्याच्या गणेशखिंडीच्या रस्त्यावर चाफेकर बंधूंनीं रँडसाहेबावर गोळी झाडली. २१ डिसेंबर १९०९ रोजीं नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहांत, शारदा नाटकाच्या प्रयोगाच्या प्रसंगीं, अनंत कान्हेरे यांनीं कलेक्टर जॅक्सन यांस ज्या ब्राउनिंग पिस्तुलानें टिपलें, तें लंडनहून सावरकरांनीं गुप्तपणें धाडलेल्या वीस पिस्तुलांपैकीं होतें. हीं चार पावलांवरून चालविलेलीं हत्यारें. त्यांच्यासाठीं धैर्य लागलें. नेमबाजीचा, म्हणजे दूरच्या लक्ष्याचा शांतपणें वेध घेण्याचा, तेथें संबंध नव्हता. परंतु राज्यकर्त्यांच्या मनांत एक गोष्ट घट्ट बसली. रायफल दिसते, पिस्तूल लपतें. परकें सरकार गेलें तरी ही समजूत कायद्याच्या अंगवळणीं पडून राहिली, आणि आजहि लांब नळीच्या बंदुकीपेक्षां आंखूड नळीच्या हत्याराकडे अधिकारी अधिक संशयानें पाहतात. त्यांस दोष देण्याचें कारण नाहीं. चोरास व दरोडेखोरासहि लपणारेंच हत्यार हवें असतें.

सुशिक्षित तरुणाच्या हातीं बंदूक आली ती महाविद्यालयाच्या दारानें. पहिल्या महायुद्धानंतर विद्यापीठांतून विद्यार्थ्यांचीं लष्करी पथकें निघालीं. त्यांच्याच जागीं १९४८ च्या कायद्यानें राष्ट्रीय छात्रसेना आली, आणि दुसऱ्याच वर्षीं तींत मुलींचा विभाग सुरू झाला. चांदमारी हा शब्द त्या पिढीनें घरोघर नेला. लक्ष्याच्या मधोमध काढलेलें वर्तुळ म्हणजे चांद, आणि तो टिपणें म्हणजे चांदमारी. इतका सुरेख शब्द जवळ असतां आपण रेंज, टार्गेट या शब्दांमागें लागलों याचें आम्हांस वाईट वाटतें, पण तो येथला विषय नव्हे. १९५१ सालीं भारतीय राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष लोकसभेचे पहिले सभापति गणेश वासुदेव मावळंकर. यांचें घराणें मूळचें रत्नागिरीकडील मावळंग्याचें. जन्म बडोद्याचा, आणि कर्मभूमि अहमदाबाद. एका गांधीवादी वकिलानें बंदुकीच्या खेळाचें पालकत्व पत्करावें ही गोष्ट गमतीची वाटते खरी, परंतु तींत धोरण होतें. हत्यार हें सरकारच्या किंवा गुंडाच्याच हातांत शोभतें ही समजूत घालवून त्यास कवाईत, नियम व गुणपत्रक यांच्या चौकटींत आणून बसविणें, हें काम अशाच माणसानें करावयाचें होतें. त्यांच्या नांवाची अखिल भारतीय स्पर्धा आज राष्ट्रीय स्पर्धेची पायरी म्हणून नेमबाजांस ठाऊक आहे.

१८७८ चा कायदा रद्द करणारा नवा कायदा १९५९ सालीं झाला व १ ऑक्टोबर १९६२ पासून अंमलांत आला. त्यानेंहि परवान्याची अट ठेवलीच. पुढें १९८० नंतरच्या दशकांत परदेशी बंदुका सर्वसामान्य माणसानें मागविण्यास बंदी आली; आयातीची वाट नामांकित नेमबाज व त्यांच्या संघटना यांच्यापुरती उरली. देशांत सरकारी कारखान्यांतून बत्तीस बोअरचीं पिस्तुलें व रिव्हॉल्व्हरें निघतात, पण तीं आत्मसंरक्षणासाठीं घडविलेलीं. त्यांवर चांद टिपण्याचा सराव करणें म्हणजे कोयत्यानें बोरू तासण्यासारखें आहे. पंचवीस मीटरच्या स्पर्धेस लागणारें बावीस बोअरचें पिस्तूल ही अगदीं वेगळी जात; तें परदेशांतून यावें लागतें, त्याला परवाना लागतो, परवान्यासाठीं पोलिसांची चौकशी, संघटनेचें शिफारसपत्र, स्पर्धांतील गुण, आणि इतकें झाल्यावर काडतुसांचा नित्याचा खर्च. वयाचीहि अट आहे. एकवीस वर्षांखालील नेमबाजास सरावापुरती सवलत मिळते, पण ती नियमांच्या कुंपणांतून. विठ्ठलवाडीच्या आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचा अर्धा निकाल येथेंच लागला. बारूदीचें पिस्तूल त्यांच्यासाठीं नव्हतेंच.

मग उरलें काय? उरलें हवेचें पिस्तूल. आणि येथें या कथेंत जर्मनी येते.

दाबलेल्या हवेनें गोळी उडविण्याची युक्ति जुनी आहे. परंतु विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हवेचें पिस्तूल म्हणजे पोरांचें खेळणें, फार तर दिवाणखान्यांतली करमणूक, असाच समज होता. आणि तो खोटाहि नव्हता. १९४५ सालीं जर्मनीचा पाडाव झाला व जेत्या राष्ट्रांनीं तेथें दारूच्या बंदुका बनविण्यास मनाई केली. ओबर्नडॉर्फ या गांवीं माउझर नांवाचा जगप्रसिद्ध बंदुकांचा कारखाना होता. फ्रेंच फौजेनें तो उध्वस्त केला. वाल्थर यांचा कारखाना रशियन अमलाखालीं गेलेल्या भागांत राहिला, व त्यांस उल्म शहरीं पुन्हा श्रीगणेशा करावा लागला. पिढ्यान्‌पिढ्या पोलाद कांतण्यांत व चाप बसविण्यांत मुरलेले कारागीर एका दिवसांत बेकार झाले. बारूद वर्ज्य, हवा मात्र कोणी वर्ज्य केली नव्हती. निर्बंध थोडे सैल होतांच त्यांनीं आपली सारी विद्या या खेळण्यांत ओतली.

वाल्थरचें एल. पी. ५३ हें पिस्तूल त्याच लाटेंतलें. त्याची एक मौजेची गोष्ट सांगितली जाते. १९६३ च्या फ्रॉम रशिया विथ लव्ह या चित्रपटाच्या जाहिरातीसाठीं जेम्स बाँडचें छायाचित्र घेतांना खरें पिस्तूल आणावयाचें राहून गेलें. तेव्हां छायाचित्रकारानें आपलें स्वतःचें हवेचें पिस्तूल नटाच्या हातीं दिलें. जगानें ज्याला जहाल गुप्तहेराचें शस्त्र मानलें तें छर्रे उडविणारें वाल्थर होतें! दिसण्यावर हत्याराची पारख करणारांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी.

पण खरी क्रांति केली ती माउझरमधून बाहेर पडलेल्या वेस्टिंगर व आल्टेनबुर्गर या दोन अभियंत्यांनीं. महायुद्धानंतर थोड्याच वर्षांत त्यांनीं ओबर्नडॉर्फ येथेंच फाइनव्हेर्कबाउ ही कंपनी काढली. या नांवाचा अर्थच मुळीं नाजूक कारागिरी असा होतो. हवेच्या हत्याराची मोठी खोड अशी कीं, आंतली जोरदार कमान सुटली व दट्ट्या पुढें धांवला कीं छर्रा नळींतून बाहेर पडण्यापूर्वींच हात हादरतो. या दोघांनीं पिस्तुलाचा सारा वरचा भाग लहानशा रुळांवर बसविला. चाप ओढतांच तो भाग किंचित् मागें सरकतो, हादरा तेथेंच जिरतो, आणि मुठींतल्या हाताला त्याचा पत्ता लागत नाहीं. १९६५ सालीं निघालेलें त्यांचें ६५ क्रमांकाचें पिस्तूल तीस वर्षांहून अधिक काळ बनत राहिलें. १९७० पासून हवेच्या पिस्तुलाची स्पर्धा जागतिक अजिंक्यपदांत आली, १९८८ सालीं सेऊलच्या ऑलिंपिकमध्यें तिला स्थान मिळालें. मनाई झाली नसती तर जर्मन कारागीर बारूदीच्या बंदुकाच करीत राहिले असते, आणि दहा मीटरचा हा खेळ एवढ्या लौकर या योग्यतेस चढला नसता, असें आमचें मत आहे. एका देशावर लादलेल्या बंदींतून जें हत्यार निपजलें, तें दुसऱ्या देशांतील बंदीखालीं वाढलेल्या लोकांस नेमकें उपयोगी पडलें.

उपयोगी कसें, तें आंकड्यांनीं पाहावें. आपल्याकडील २०१६ च्या नियमांप्रमाणें हवेच्या हत्याराची नळी साडेचार मिलिमीटरहून अधिक रुंद नसली व त्याचा जोर वीस ज्यूलहून अधिक नसला, तर परवाना लागत नाहीं. स्पर्धेच्या पिस्तुलाचा छर्रा सुमारें अर्ध्या ग्रॅमचा, आणि त्याचा वेग सेकंदास दीडशें मीटरच्या आसपास. हिशेब केला तर जोर साडेपांच ज्यूलच्या घरांत भरतो, म्हणजे मर्यादेच्या तिसऱ्या हिश्शाहूनहि कमी. जगांतील श्रेष्ठ नेमबाज ज्या पिस्तुलानें ऑलिंपिक पदक मिळवितो, तेंच पिस्तूल विठ्ठलवाडीच्या कारकुनाची मुलगी परवान्यावांचून बाळगूं शकते. बारूदीच्या बाबतींत असें कधींच होणार नाहीं.

येथें पिस्तूल घेऊं पाहणारा माणूस हटकून एक चूक करतो. तो दुकानांत जाऊन पहिला प्रश्न विचारतो कीं, छर्रा किती जोरानें सुटतो? दुकानदारहि आनंदानें मोठा आंकडा सांगतो. परंतु दहा मीटरवरच्या कागदाला भोंक पाडण्यास जोर कितीसा लागणार? लक्ष्याच्या मधलें दहा गुणांचें वर्तुळ साडेअकरा मिलिमीटर व्यासाचें, म्हणजे सदऱ्याच्या बटणाएवढें. पिस्तुलाच्या पुढच्या टोकाशीं माशी असते व मागें खांच. दोहोंतलें अंतर साधारण तेहतीस सेंटिमीटर धरलें, तर माशी खांचेंत पाव मिलिमीटरनें कलली कीं दहा मीटरवर छर्रा साडेसात मिलिमीटरनें चुकतो. बटणाच्या कांठावरून तो सुटलाच म्हणून समजा. उलट, माशी आणि खांच सरळ रेषेंत ठेवून सारा हातच पांच मिलिमीटर हलला, तर छर्राहि तेवढाच, पांच मिलिमीटरच, हलतो. म्हणून जाणते शिक्षक सांगतात कीं, नजर लक्ष्यावर न ठेवतां माशीवर ठेवावी. पन्नाशी ओलांडलेल्या आमच्यासारख्यांच्या चष्म्याला हें फार जड जातें, पण मुलीच्या डोळ्यांस तें सोपें आहे.

माशी नेमक्या क्षणीं कशानें कलते? चापानें. स्पर्धेच्या नियमांत हवेच्या पिस्तुलाच्या चापाचें वजन कमींत कमी पांचशें ग्रॅम असावें असें आहे, आणि चांगल्या पिस्तुलाचा चाप बरोबर तेवढ्यावर, कांच फुटावी तसा, एकदम सुटतो. बाजारांत थोडक्या पैशांत मिळणाऱ्या पिस्तुलांचे चाप कित्येक पटींनीं जड असतात, ते ओढतांना खरखरतात, आणि केव्हां सुटतील हें बोटास कळत नाहीं. अशा पिस्तुलावर वर्षभर सराव केलेल्या मुलीला हिसका देण्याची संवय जडते, आणि ती मोडण्यास दुसरें वर्ष जातें. स्वस्त पिस्तुलाची खरी किंमत ती. म्हणून पैसे थोडे असतील तर ते चापांत घालावे, मुठींत घालावे. जोरांत, रूपांत, किंवा कंपनीच्या नव्या नमुन्यांत घालूं नयेत.

आपल्या देशांत या मालाचे कर्ते कोणी झाले नाहींत असें नाहीं. वालचंद हिराचंद यांनीं १९२६ सालीं काढलेली इंडियन ह्यूम पाइप कंपनी सिमेंटचे नळ करतां करतां हवेच्या बंदुकाहि करूं लागली, आणि आय. एच. पी. या तीन अक्षरांची बंदूक पुष्कळांच्या लहानपणच्या आठवणींत आहे. अलीकडे ठाणे जिल्ह्यांतल्याच प्रीसिहोल या मंडळींनीं, ज्यांचा मूळ धंदा लोखंडांत खोल व सरळ छिद्र पाडणारीं यंत्रें बनविण्याचा, तें कौशल्य हवेच्या रायफलींकडे वळविलें. नळी म्हणजे शेवटीं लोखंडांतलें एक सरळ भोंक. तेव्हां हा मार्ग सयुक्तिक होता. तथापि स्पर्धेचें पिस्तूल म्हटलें कीं अजून जर्मनीच्या फाइनव्हेर्कबाउ व वाल्थरकडे, ऑस्ट्रियाच्या श्टायरकडे, स्वित्झर्लंडच्या मोरिनीकडे किंवा इटलीच्या पार्दिनीकडेच पाहावें लागतें, आणि त्या नव्या पिस्तुलांची किंमत लाखाच्या पलीकडे जाते.

लाखाच्या अलीकडे राहणाऱ्यांसाठीं जुन्या पिस्तुलांचा मार्ग आहे, आणि येथें यंत्राचा थोडा इतिहास ठाऊक असणें फायद्याचें ठरतें. १९६५ च्या धर्तीचीं कमानीचीं पिस्तुलें मजबूत असतात, पण जड. शिवाय कांहीं वर्षांनीं त्यांचे रबरी भाग झिजतात. त्यानंतर आलीं एका दांड्याच्या हिसक्यानें हवा भरून घेणारीं. रशियांतील इझेव्हस्क येथें बनलेलें शेहेचाळीस क्रमांकाचें पिस्तूल याच जातीचें; रूपानें ओबडधोबड, पण चाप व नळी इतकी प्रामाणिक कीं जगभर त्यास गरिबाचें स्पर्धापिस्तूल म्हणूं लागले. अशा पिस्तुलाला प्रत्येक छर्र्यामागें एकदां दांडा ओढावा लागतो, साठ छर्र्यांत दंड भरून येतो, पण पंप नको, टांकी नको. आजचीं पिस्तुलें दोनशें बार दाबाची हवा नळकांड्यांत भरून घेतात. हात अगदीं स्थिर राहतो. मात्र तें नळकांडें भरण्याची सोय घरीं नसते, आणि त्यावर ठोकलेल्या तारखेपासून दहा वर्षें झालीं कीं स्पर्धेंत तें चालत नाहीं. जुनें पिस्तूल घेणारानें मूठ, चाप हें पाहण्याआधीं ती तारीख वाचावी. स्वस्तांत मिळालें म्हणून आनंदानें घरीं आणलेल्या पिस्तुलाचें नळकांडें बदलण्यांत बचत नाहींशी होते.

महाग म्हणजे निर्धास्त असेंहि नाहीं. २०२१ सालीं टोकियोच्या ऑलिंपिकमध्यें मनु भाकर हिचें पिस्तूल ऐन स्पर्धेंत बिघडलें. दुरुस्तींत मोलाचीं मिनिटें गेलीं आणि तिची अंतिम फेरी थोडक्यांत हुकली. तिनें २०२४ सालीं पॅरिसमध्यें दोन कांस्यपदकें मिळवून त्याची भरपाई केली. त्याच पॅरिसमध्यें तुर्कस्तानचा पन्नाशीचा यूसुफ दिकेच साधा चष्मा लावून, एक हात खिशांत घालून उभा राहिला व मिश्र सांघिक रौप्यपदक घेऊन गेला. त्याचें चित्र जगभर गाजलें. लोकांनीं त्यावरून असा अर्थ काढला कीं या खेळाला साधनें लागत नाहींत. तो बरोबर नाहीं. डोळ्यांवरचीं भिंगें, झांपडें, विशेष जोडे यांवांचून त्याचें अडलें नाहीं हें खरें, पण त्याच्या हातांतलें पिस्तूल स्पर्धेचेंच होतें. काय सोडावें व काय सोडूं नये, याचा तो उत्तम नमुना आहे.

आपल्याकडील उदाहरणें पाहिलीं तर कोल्हापूरनें याबाबतींत साऱ्या महाराष्ट्राला धडा घालून दिला आहे. २०१० सालीं म्यूनिक येथें जगज्जेती ठरलेली तेजस्विनी सावंत आणि २२ ऑगस्ट २०१८ रोजीं आशियाई स्पर्धेंत पंचवीस मीटर पिस्तुलाचें सुवर्ण मिळविणारी राही सरनोबत या एकाच शाळेच्या विद्यार्थिनी. राहीचा तो सामना थायलंडच्या प्रतिस्पर्धिनीशीं बरोबरींत सुटला व जादा फेऱ्यांवर निकाल लागला. आशियाई स्पर्धेंत नेमबाजीचें सुवर्ण मिळविणारी ती पहिली भारतीय स्त्री. पॅरिसला कांस्य मिळविणारा स्वप्निल कुसाळे राधानगरी तालुक्यांतल्या कांबळवाडीचा. या घरांत कोणी संस्थानिक नव्हते. एक काळ असा होता कीं भारतीय नेमबाजी म्हणजे बिकानेरचे महाराज करणीसिंह यांच्यासारख्यांची मिरास. त्यांनीं १९६२ सालीं कैरो येथें जागतिक स्पर्धेंत रौप्यपदक मिळविलें. साठ वर्षांनीं, २०२२ सालीं, त्याच कैरोंत आमच्या ठाण्याचा अठरा वर्षांचा रुद्रांक्ष पाटील दहा मीटर हवेच्या रायफलींत जगज्जेता झाला. मधल्या साठ वर्षांत काय बदललें, तर हत्यार दारूचें होतें तें हवेचें झालें, आणि जमीनजुमल्याऐवजीं पंधरा-वीस मीटर लांबीचा एक दिवाणखाना पुरेसा झाला.

आतां विद्यार्थ्यास आम्हीं काय सांगितलें तें लिहितों. पहिलें वर्ष पिस्तूल घेऊं नये. रेंजवरचें, क्लबच्या मालकीचें पिस्तूल वापरावें. आठवड्यांतून तीन दिवस, दर वेळीं ऐंशीं छर्रे धरले तर वर्षाला बारा हजार छर्रे होतात, म्हणजे पांचशेंच्या चोवीस डब्या. छंद टिकतो कीं नाहीं हें या डब्याच सांगतील, आणि त्यांचा खर्च वर्षभर हप्त्याहप्त्यानें निघूं शकतो. त्याखेरीज रोज घरीं, छर्रा न घालतां, कोऱ्या भिंतीसमोर माशी व खांच जुळवून हात धरण्याचा सराव; त्यास कांहींच पडत नाहीं, आणि शिक्षक त्याला छर्र्यांच्या सरावाहून कमी लेखीत नाहींत. क्लबचें पिस्तूल घरीं मिळत नसेल, तर त्याच्याच वजनाची, सुमारें एक किलोची, एखादी वस्तु मुठींत धरून खांदा तयार करावा. धाकट्याच्या शिक्षणाचे पैसे जेथें आहेत तेथेंच राहूं द्यावे. वर्षानंतर मुलगी रेंजवर जातच असेल तर एका दांड्याचें जुनें पिस्तूल, जाणत्या माणसाकडून चाप तोलून घेऊन, विकत घ्यावें. आणि तिच्या गुणांनीं क्लबची पातळी ओलांडली म्हणजेच नव्याचा विचार करावा. गृहस्थांस हें पटलें. मुलीस पटलें नाहीं, आणि त्याबद्दल आम्ही तिला दोष देत नाहीं. आपल्या वस्तूचा लोभ हाहि सरावाचा एक भाग असतो.

एक गोष्ट तिनें विचारली ती फार नेमकी होती. जुनें पिस्तूल दुसऱ्याच्या हाताला बसलेलें असतें, मग तें आपल्या हाताला कसें बसावें? स्पर्धेच्या पिस्तुलाची मूठ अक्रोडाच्या लांकडाची, बोटांच्या खळग्यांसह कोरलेली, आणि उजवी-डावी वेगळी असते. हंगेरीचा कारोय ताकाच याचा उजवा हात १९३८ सालीं हातबाँबनें निकामी झाला. त्यानें डाव्या हातानें पहिल्यापासून शिकून १९४८ व १९५२ च्या ऑलिंपिकमध्यें शीघ्र नेमबाजीचें सुवर्ण मिळविलें. त्याला मूठ निराळीच करून घ्यावी लागली असणार. आपल्या मुलीला तेवढा खटाटोप नाहीं. तळहाताच्या उंचवट्याशीं जेथें पोकळी राहते तेथें लांकडाच्या भुशाचा लगदा भरावा, जेथें टोचतें तेथें कानशीनें घांसावें, आणि दर खेपेस डोळे मिटून हात उचलून माशी आपोआप खांचेंत येते कीं नाहीं हें पाहावें. महिनाभर थोडें थोडें करावें लागतें. विठ्ठलवाडीपासून उल्हासनगरचा फर्निचर बाजार हांकेच्या अंतरावर आहे. तेथील एखाद्या जुन्या सुताराकडे पिस्तूल न नेतां नुसती सोडविलेली मूठ न्यावी, आणि मुलीनें स्वतः बरोबर जाऊन आपला हात त्याला दाखवावा.